'माळ' : एका भूवाचक शब्दाचा अर्थ व उपयोग

१

इंग्रजी ग्रंथांतील भूवर्णन मराठींत उतरवूं लागलें असतां कांहीं शब्दांपाशीं लेखणी अडते. 'डाउन्स' हा त्यांपैकीं एक. दक्षिण इंग्लंडांत खडूच्या पांढऱ्या, मऊ खडकाचे उंचवटे आहेत. त्यांस शिखर असें नाहीं; आंखूड गवतानें झांकलेलें त्यांचें अंग लाटेमागून लाट यावी तसें चढत-उतरत कोसच्या कोस जातें. ह्या भूरूपाचें नांव 'डाउन्स'. इंग्रज लोक हिंदुस्थानांत आले ते हा शब्द बरोबर घेऊन आले. निलगिरींत उटकमंडाजवळच्या गवताळ उंचवट्यांना मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक (कारकीर्द १८९१ ते १८९६) यांच्या नांवावरून 'वेनलॉक डाउन्स' असें म्हणूं लागले. वास्तविक तेथें खडू औषधालाहि नाहीं.

ह्या शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा? 'डोंगर' म्हणावें तर त्यांत उंची व कडेकपारी येतात. 'पठार' म्हणावें तर माथा सपाट असल्याचा भास होतो. 'टेकडी' ही एकटी उभी राहते, आणि 'मैदान' म्हटलें कीं चढउतार गेला. कोंकणांतील 'सडा' जवळचा वाटतो, पण तो जांभ्या खडकाशीं बांधलेला आहे. अखेरीस 'माळ' हा एकच शब्द हातीं राहतो. मात्र तो लिहितांच आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें ओसाड, निरुपयोगी, कुसळांखेरीज कांहीं न पिकविणारी जमीन उभी राहते. जुने कागद वाचणाऱ्या अभ्यासकांच्या मनांतहि हाच अर्थ नकळत शिरतो आणि 'माळ' व 'पड' हे शब्द एकमेकांच्या जागीं घातले जातात.

आमचें म्हणणें असें कीं, 'माळ' हा शब्द जमिनीचें रूप सांगणारा आहे. तिची निरुपयोगिता सांगणारा नव्हे. हा भेद न ओळखल्यास कागदांचें वाचन चुकतें, आणि कागदांपलीकडेहि त्याचे परिणाम होतात. ते कसे, हें ह्या लेखांत क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

२

प्रथम इंग्रजी शब्दाचाच थोडा विचार करूं. 'डाउन' याचें मूळ जुन्या इंग्रजींतील 'डून' म्हणजे टेकडी. इंग्रजींत 'खालीं' या अर्थाचें जें 'डाउन' हें अव्यय आहे, तेंहि ह्याच शब्दापासून, 'टेकडीवरून' अशा अर्थाच्या जुन्या प्रयोगाचा संक्षेप होऊन झालें. म्हणजे उंचवट्याचें नांव आणि खालच्या दिशेचें अव्यय हीं एकाच मुळाचीं दोन फळें होत. याच जातीचा दुसरा शब्द 'वोल्ड'. त्याचा मूळ अर्थ वन, झाडीचा प्रदेश. परंतु आज यॉर्कशर व लिंकनशर या परगण्यांतील उघड्या, खडूच्या टेकड्या ह्याच नांवानें ओळखल्या जातात. झाडी गेली, नांव राहिलें. भूवाचक शब्द असे सरकतात, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तरी ह्या दोन्ही शब्दांत 'टाकाऊ' हा अर्थ मुळांत नाहीं.

खडूचा खडक समुद्रांतील अतिसूक्ष्म जीवांच्या चुनखडीमय कवचांचा झाला आहे. लॅटिनांत खडूला 'क्रेटा' म्हणतात, व त्यावरूनच भूशास्त्रज्ञांनीं एका सबंध युगाला 'क्रिटेशस' हें नांव दिलें. हें युग सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं संपलें. आणि त्याच संधिकालीं आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाचे थर लाव्हारसाच्या रूपानें एकावर एक पसरत होते. म्हणजे त्यांच्या पांढऱ्या टेकड्यांचें युग मावळत असतांना आपल्या काळ्या माळांचा पाया घातला जात होता.

'खडू' हा शब्द संस्कृत 'खटी', 'खटिका' यांच्या कुळांतला. 'चुनखडी'मधील 'खडी' हीहि तीच. परंतु खडूचा डोंगर दख्खनच्या काळ्या पत्थराच्या मुलखांत नाहीं. आपल्याकडे भूमींतला पांढरा रंग तीन ठिकाणीं भेटतो: काळ्या मातींतल्या चुनखडीच्या खड्यांत, मूर्तिकारांच्या शाडूंत, आणि गांवाच्या 'पांढरींत'. यांतली तिसरी फार महत्त्वाची. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा, ही जोडी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) ग्रंथाच्या वाचकांस परिचित आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंतींची माती, राख व केरकचरा सांचून पांढरीचें टेकाड बनतें. नेवासें, इनामगांव येथील उत्खननें अशाच जुन्या वस्तीच्या टेकाडांवर झालीं. तेव्हां इंग्रजी 'डाउन्स'चें भाषांतर कोणीं 'पांढरीच्या टेकड्या' असें केल्यास आपल्या मुलखांतला जाणता मनुष्य तेथें खडू शोधणार नाहीं; तो जुनीं खापरें शोधूं लागेल! रंगावरून शब्द न घेतां रूपावरून घ्यावा, हें येथें उघड होतें.

३

'माळ' म्हणजे नेमकें काय, हें कोशापेक्षां भूमीवर उभें राहून लवकर समजतें. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८) हे आमच्या नेहमींच हाताशीं असतात. तथापि कागद लिहिणाऱ्या कुलकर्ण्यानें कोणती जमीन पाहून शब्द वापरला, हें कोश सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं आम्ही पुण्याच्या वायव्येकडील काळेवाडी हें ठिकाण घेतों.

काळेवाडी हें पवना नदीच्या कांठचें ठिकाण. नदीपलीकडे पिंपरी, अलीकडे रहाटणी व थेरगांव हे शेजारी, मोरया गोसावींच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेलें चिंचवड हांकेच्या अंतरावर. येथून नदी ओलांडून ईशान्येकडे निघालें तर पिंपरी लागते, मग लोहमार्ग व मुंबईचा रस्ता, आणि तेथून जमीन हळूहळू भोसरीच्या अंगास चढत जाते. हा उंचवटा पवना व इंद्रायणी यांच्यामधला पाणलोटाचा कणा आहे. त्याच्या एका अंगाचें पाणी पवनेंत जाऊन दापोडीजवळ मुळेला मिळतें. दुसऱ्या अंगाचें इंद्रायणींत जाऊन तुळापुरास भीमेंत पडतें. चढ इतका सौम्य कीं बैलगाडीस तो जाणवावा, पण पायीं जाणाऱ्यास क्वचित् जाणवावा.

देशावरील नदीकांठच्या गांवाचें शिवार बहुधा अशाच क्रमानें वर चढतें, आणि प्रत्येक पायरीस मराठींत निराळें नांव आहे. पाण्यालगत गाळाची मळई. तिच्यावर विहिरीच्या पाण्याचा मळा. मग खोल काळी. पुरापासून सुटलेल्या थोड्या उंच जागीं पांढरी. पुढें माती पातळ होऊन मुरूम वर आला कीं बरड. आणि सर्वांच्या वर, जेथें मातीचा थर वीतभरहि सांपडत नाहीं व खडक ठिकठिकाणीं उघडा पडतो, तेथें माळ. 'मळा' व 'माळ' हे कानाला इतके जवळचे शब्द, पण शिवारांत ते दोन टोकांना बसतात: एक पाण्याशेजारीं, दुसरा पाण्यापासून सर्वांत दूर.

ह्यावरून माळाचीं तीन लक्षणें निघतात. तो उंचावर असतो, परंतु डोंगर नव्हे. त्याची माती पातळ असते. आणि तो उघडा असतो, म्हणजे दृष्टि दूरवर जाते. 'माळावर' गेलेला मनुष्य गांवांतून दिसतो, 'डोंगरांत' गेलेला दिसत नाहीं. आपण 'माळांत' असें म्हणत नाहीं, 'माळावर' म्हणतों. 'रानांत' म्हणतों, 'रानावर' क्वचित्. ह्या एका प्रत्ययांतच शब्दाचें उंचवट्याशीं असलेलें नातें टिकून आहे.

४

आतां व्युत्पत्ति. संस्कृतांत 'माल' असा शब्द आहे, आणि त्याचा सर्वांस ठाऊक असलेला उपयोग कालिदासाच्या मेघदूतांत आहे. रामगिरीवरून निघालेल्या मेघास यक्ष वाट सांगतो, तींत आरंभींच 'माल' क्षेत्रावर चढून जाण्यास सांगितलें आहे. टीकाकार मल्लिनाथ त्याचा अर्थ डोंगराळ, उंच भूभाग असा करतो व 'उत्पलमाला' कोशाचा आधार देतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं रामगिरि म्हणजे नागपूरजवळील रामटेक असें प्रतिपादिलें. तें मान्य केल्यास हा 'माल' विदर्भाच्याच भूमीला लागून येतो. परंतु आमच्या दृष्टीनें त्याहून मोलाची गोष्ट निराळी आहे. कवीनें हा माल ओसाड वर्णिलेला नाहीं. तो नुकताच नांगरलेला असून त्याच्या मातीचा सुगंध सुटला आहे. म्हणजे उंचवटा असणें व नांगराखालीं असणें यांत कालिदासास कांहींच विरोध वाटला नाहीं.

'माल' पासून 'माळ' होणें वर्णशास्त्राच्या नियमास धरूनच आहे. संस्कृतांतील दोन स्वरांमधला एकेरी ल मराठींत ळ होतो: फल-फळ, काल-काळ, नील-निळा. जोड ल्ल असल्यास मात्र ल टिकतो: फुल्ल-फूल. लिंग तेवढें बदललें. संस्कृत 'माल' नपुंसक, मराठी 'माळ' पुल्लिंगी. तामिळ 'मलै' व कानडी 'मले' हे डोंगरवाचक शब्द जवळचे भासतात, परंतु त्यांत पहिला स्वर ऱ्हस्व आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर नातें जोडण्याची घाई करूं नये.

सारख्या दिसणाऱ्या इतर शब्दांपासून हा शब्द वेगळा ठेवणेंहि अवश्य आहे. 'ती माळ' ही 'माला' पासून. गळ्यांतली किंवा मोत्यांची. 'तो माळ' हा भूमीचा. 'माळा' व 'माळवद' हे घराच्या बांधणींतले. 'माळी' हा 'मालिक' म्हणजे माला करणारा. ह्या शेवटच्या शब्दामुळें स्थलनामांत घोटाळा होतो. 'माळीवाडा' म्हटलें तर माळ्यांची वस्ती हें स्पष्ट दिसतें. 'माळवाडी' म्हटलें तर माळावरची वाडी हा अर्थहि तितकाच संभवतो. अशा ठिकाणीं नांवावरून जात न ठरवितां, ती वाडी शिवारांत कोठें आहे, नदीकडे कीं वरच्या अंगास, हें आधीं पाहावें. स्थलनामें हें इतिहासाचें साधन आहे असें राजवाड्यांनीं शिकविलें. पण साधन म्हटलें कीं त्याची पारख आलीच.

काळेवाडीच्या नांवासहि हाच न्याय लावतां येतो. 'काळी' जमीन हाताशीं असल्यामुळें 'काळ्या मातीची वाडी' असा अर्थ सहज सुचतो. परंतु जमीनवाचक 'काळी' हें स्त्रीलिंगी नाम आहे; त्याचें समासांत 'काळे' होत नाहीं. शिंदेवाडी, मोरेवाडी यांच्या पंक्तींत बसणारी ही घडण कुळाच्या नांवाची आहे. कानाला मातीचा शब्द ऐकूं येतो, व्याकरण मात्र माणसांचें नांव दाखवितें. माळवाडींत ह्याच्या उलट घडतें: कानाला माणसें ऐकूं येतात आणि जागा पाहिली तर कित्येकदां भूमि निघते.

५

आतां जुन्या कागदांतील उपयोगाकडे वळूं. मराठी दप्तरांतील जमीनविषयक शब्दांचे आम्ही तीन वर्ग पाडतों.

पहिला वर्ग भूरूपाचा: माळ, टेक, डोंगर, दरा, ओढा, मळई. हे शब्द निसर्गानें घडविलेली जागा सांगतात. दुसरा वर्ग उपयोगाचा: कुरण, गायरान, मळा, रमणा, खळें. हे मनुष्यानें त्या जागेस नेमून दिलेलें काम सांगतात. तिसरा वर्ग हिशेबाचा: लागवड, पड, जिराईत, बागाईत. हे त्या सालापुरती, सरकारच्या वसुलाच्या दृष्टीनें असलेली स्थिति सांगतात.

'पड' हा हिशेबाचा शब्द आहे. लढाई, दुष्काळ, कुळानें गांव सोडणें, अशा कारणांनीं उत्तमांतली उत्तम काळीहि पड पडते. आणि इस्ताव्याचा कौल देऊन, म्हणजे पहिल्या वर्षीं हलका व पुढें चढत जाणारा धारा ठरवून, तीच पुनः लागवडीस आणितात. पड ही येते आणि जाते. माळ येत नाहीं व जात नाहीं. त्यावर बाजरी, मटकी किंवा हुलगा पेरला तरी तो माळच राहतो, व त्या शेतास 'माळाचें शेत' म्हणतात. लागवडीखालीं असलेला माळ आणि पड पडलेली काळी, हे दोन्ही प्रकार एकाच गांवांत एकाच सालीं असूं शकतात. मग हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय कसे होतील?

बोलीभाषाहि हेंच सांगते. आपण 'ओसाड माळ', 'पडीक माळ', 'मोकळा माळ' असें म्हणतों. माळ या शब्दांतच ओसाडपणा असता तर त्यास हें विशेषण जोडण्याचें कारण नव्हतें. 'ओसाड उजाड' असें दुणावून म्हणण्याजोगाच तो प्रकार झाला असता. श्रावणांत हाच माळ 'हिरवा' होतो, आणि तें म्हणतांना कोणास विसंगति वाटत नाहीं.

इनामपत्रांची भाषा आमच्या मतें सर्वांत बलवान पुरावा आहे. गांव इनाम देतांना 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' यांसहित तें दिल्याचा सांचा संग्राहकांच्या परिचयाचा आहे. हा सांचा आपण इतक्या वेळां वाचतों कीं त्यांतील शब्दांकडे पाहतच नाहीं. ह्यांतलें तृण कोठलें? काळीवरचें नव्हे, तेथें तर पीक असतें. पाषाण कोठला? मळईंत तो सांपडत नाहीं. काष्ठ म्हणजे जळणाचें लाकूड कोठून आणावयाचें? तृण, काष्ठ व पाषाण हे तिन्ही हक्क प्रामुख्यानें माळ व त्यावरील टेकांचें उत्पन्न होत. देणाऱ्यानें तीं नांवें घेऊन दिलीं व घेणाऱ्यानें तीं लिहून घेतलीं, ह्याचा अर्थ ज्यास आपण आज निरुपयोगी म्हणतों त्या जमिनीचें मोल उभय पक्षांस पुरतें ठाऊक होतें. मराठेशाहींत वनचराईची बाब वसुलांत होती व पागांच्या घोड्यांसाठीं कुरणें राखलेलीं असत, हीहि गोष्ट याच दिशेनें बोट दाखविते.

चूक कशी होते याचें एक उदाहरण कल्पून पाहूं. समजा, एखाद्या गांवाच्या शिवेच्या वर्णनांत 'पश्चिमेस माळ' असें आहे. वाचकानें त्याचा अर्थ 'पश्चिमेस पड जमीन' असा घेतला. मग तो अनुमान करणार कीं, त्या सालीं गांवचा पश्चिम भाग लागवडीवांचून होता. कुळें पळालीं असावींत. दुष्काळ पडला असावा किंवा फौज उतरली असावी. एका शब्दावर एवढी इमारत उभी राहते. वास्तविक लेखकास एवढेंच सांगावयाचें होतें कीं, त्या अंगास जमीन चढते व शीव त्या उंचवट्यावरून जाते. शिवेसाठीं उंचवटा हा ओढ्याइतकाच चांगला, कारण तो जागेवरून हालत नाहीं. पड जमिनीनें कोणी शीव सांगत नाहीं, कारण ती पुढच्या साली लागवडीस येईल.

६

माळाचें मोल केवळ इनामपत्राच्या सांच्यांत नव्हतें. तें गांवच्या रोजच्या व्यवहारांत होतें. पावसाळ्यांत माळावर कुसळी, पवना, मारवेल हीं गवतें वाढतात. त्यांवर गांवचीं गुरें व धनगरांचीं मेंढरें चरतात. दिवसां माळावर चरलेला कळप रात्रीं शेतांत बसवितात. लेंडीखतानें काळीचा कस वाढतो व शेतकरी धनगरास त्याबद्दल धान्य देतो. दिवाळीनंतर देशावरचे कांहीं धनगर मावळांतून कोंकणाकडे कळप घेऊन उतरतात व पावसाळ्यापूर्वीं परततात. गुंथर सोन्थायमर (१९३४ ते १९९२) यांनीं धनगर व त्यांचीं दैवतें, बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा, यांवर जर्मन भाषेंत १९७६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वाचतांना उघड्या रानाचा व पेरत्या क्षेत्राचा हा संबंध पदोपदीं लक्षांत येतो. थोडक्यांत, काळी पिकते ती माळाच्या जोरावर. गवताच्या रूपानें माळावरचा कस मेंढरांच्या पोटांतून काळींत उतरतो.

येथें आपण पुनः इंग्लंडांतील डाउन्सकडे येतों, आणि आमच्या प्रतिशब्दाची खरी कसोटी येथेंच लागते. खडूच्या त्या उंचवट्यांवरहि शतकानुशतकें हीच रीत होती. दिवसां मेंढरें वरच्या गवतावर चरत, रात्रीं तीं खालच्या पेरणीच्या शेतांत आडोसे लावून कोंडीत, आणि त्यांच्या खतावर तेथील धान्य पिके. दोन्हीं ठिकाणीं खडक निराळा आहे. खडू सच्छिद्र असल्यामुळें पाणी त्यांत मुरून जातें व पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें निघतें. आपला काळा पत्थर कठीण, त्यावरून पाणी वाहून जातें. तरी परिणाम एकच: वर कोरडें, उघडें, गवताळ रान, खालीं पाणी, वस्ती व पेर. रूप व उपयोग ह्या दोन्ही दृष्टींनीं 'डाउन' व 'माळ' हे शब्द एकमेकांस जुळतात. खडकाचा रंग तेवढा सोडून द्यावा लागतो, आणि निलगिरींत इंग्रजांनीं स्वतःच तो सोडून दिलेला आहे.

७

मग 'माळ' या शब्दास टाकाऊपणाचा वास कोठून चिकटला? पातळ मातीची जमीन शेतकऱ्यास कमी पीक देते, हें कारण तर जुनेंच आहे. परंतु त्यास कागदी बळ मिळालें तें नव्या पाहणीमुळें, असें आम्हांस वाटतें. पुणें जिल्ह्यांत प्रिंगल यांची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ पासून इंदापूर तालुक्यांत नवी पद्धति बसविली. तींत मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडीत व सर्वांत उत्तम वर्गास सोळा आणे धरून बाकीच्यांची किंमत उतरत्या क्रमानें लावीत. वसुलाच्या कामीं ही पद्धति नेटकी होती. पण तिनें प्रत्येक जमीन एकाच प्रश्नास उभी केली: पीक किती? तृण, काष्ठ, पाषाण यांस त्या आणेवारींत जागा नव्हती. खडकाळ तुकडा 'पोटखराबा' झाला. आजच्या सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, तरी, वरकस असे प्रकार आहेत. 'माळ' हा प्रकार नाहीं. जुन्या दप्तरांतला भूरूपाचा शब्द हिशेबाच्या कागदांतून निघाला, आणि लोकांच्या तोंडीं राहिला तो 'जें कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं तें' अशा अर्थानें.

पुढील काळांत याच वळणाचा विस्तार झाला. सन २००० मध्यें भारत सरकारच्या वतीनें पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत खुरट्या झुडपांची जमीन व निकस चराईची जमीन हे स्वतंत्र प्रकार आहेत, आणि दख्खनच्या गवताळ माळांची गणना अशाच सदरांखालीं होते. ज्या पक्ष्याच्या नांवांतच हा शब्द आहे, त्या माळढोकासाठीं सोलापूरच्या बाजूस नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य स्थापन झालें; तरी आज तो पक्षी महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. इंग्लंडांतहि दुसऱ्या महायुद्धांत व नंतर खडूच्या गवताळ टेकड्या मोठ्या प्रमाणावर नांगरल्या गेल्या. पण उरलेल्यांचें महत्त्व ओळखून २०१० सालीं 'साउथ डाउन्स' हें राष्ट्रीय उद्यान करण्यांत आलें. तेथें शब्दास आदर उरला होता म्हणून भूमीस आधार मिळाला, असें सर्वस्वीं म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या भूमीस शासनाच्या कागदांत स्वतःचें नांव नाहीं तिच्या बाजूनें बोलणें कठीण जातें, एवढें खास.

आमच्या काळेवाडीच्या आसपास तर माळ डोळ्यांनीं दाखविणेंहि कठीण झालें आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी १९५४ सालीं स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें व पवना-इंद्रायणींमधला हाच उंचवटा भोसरी, चिंचवड, आकुर्डी या अंगांनीं कारखान्यांखालीं गेला. पुढें इंद्रायणीपलीकडे चाकणपर्यंत ही वस्ती पसरली. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका. कोरडी, खडकाळ, पुरापासून दूर व हमरस्त्याला लागून असलेली जमीन कारखान्यांस सोईची होती. त्याबद्दल तक्रार करण्याचें हें स्थळ नव्हे. हजारों कुटुंबांच्या चुली त्या कारखान्यांवर पेटल्या. आमचा मुद्दा संशोधनापुरता आहे. जागा गेली म्हणजे शब्दाचा अर्थ पडताळण्याचें साधन गेलें. यापुढें ह्या टापूंतील कागदांत 'माळ' वाचणाऱ्यास तो कोठें होता हें भूमि सांगणार नाहीं, कागदांनाच सांगावें लागेल.

८

यासाठीं संग्राहकांस व कागद प्रसिद्ध करणाऱ्यांस आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, 'माळ' शब्दाचा अर्थ टीपेंत 'पडीक जमीन' असा कधींहि देऊं नये. 'उंच, पातळ मातीची उघडी जमीन' असा द्यावा, व ती त्या सालीं लागवडीस होती कीं नव्हती हें स्वतंत्रपणें कागदावरून ठरवावें.

दुसरी, पड व लागवड यांच्या आंकड्यांवरून गांवची भरभराट किंवा दुर्दशा मोजतांना माळाचें क्षेत्र पडींत मिसळूं नये. तसें केल्यास चढावरच्या गांवांची स्थिति कायमच वाईट व नदीकांठच्यांची कायमच चांगली दिसेल, आणि तो इतिहास नसून भूगोल असेल.

तिसरी, थळझाड्यांच्या नकला सबंध घ्याव्या. संग्राहक बहुधा इनामदाराचें नांव, शिक्का व तिथि उतरवून घेतो आणि थळांच्या म्हणजे शेतांच्या नांवांची लांबलचक यादी 'इत्यादि' म्हणून सोडतो. शेतांचीं हीं नांवें म्हणजे त्या गांवचा शब्दांत काढलेला नकाशा आहे. माळाचें, टेकाचें, ओढ्याकडचें, पांढरीखालचें, अशीं नांवें जेथें असतील तेथें प्रत्येक अक्षर मोलाचें. विशेषतः पवनेच्या खोऱ्यांतील कुलकर्णी-पाटलांच्या घरचीं दप्तरें व चिंचवड देवस्थानासारख्या जुन्या इनामदार संस्थांचे कागद ह्या दृष्टीनें पुनः चाळणें जरूर आहे.

चौथी, ज्या गांवांत अद्याप शेतांस जुनीं नांवें चालू आहेत, तेथील वृद्ध शेतकऱ्यांस व धनगरांस तीं विचारून, गट क्रमांकासह नोंदून ठेवावीं. काळेवाडी, रहाटणी, थेरगांव, वाकड या पट्ट्यांत आज इमारती उभ्या असल्या तरी ज्यांनीं तेथें पेरलें व गुरें चारलीं अशीं माणसें अजून हयात आहेत. अमुक इमारतीखालीं अमुक नांवाचें शेत होतें व तें माळावर होतें, एवढें त्यांच्या तोंडून मिळालें तरी एखाद्या महजराचा अर्थ लागून जाईल.

ज्यांच्या संग्रहांत भूरूपाचे असे शब्द असलेले शिवेचे कागद किंवा थळझाडे असतील, त्यांनीं त्यांतील तेवढ्या उताऱ्यांच्या नकला, गांवाचें नांव व सालासह, आम्हांकडे पाठविण्याची कृपा करावी. आमचें वरील विवेचन त्यांपैकीं एखाद्या कागदानें खोटें ठरत असेल, तर तो कागद सर्वांआधीं पाठवावा.